बेसोची अर्धी शपथ

४ नोव्हेंबर

आज गावात नऊ गाड्या आल्या. आठ वर पोचल्या. नववी पुलाच्या वळणावर चिखलात बसली आहे आणि तिला ओढायला गावातल्या म्हाताऱ्या अन्तिमोझचे बैल गेलेत. सिनेमाची माणसं आहेत ही. पन्नास तरी असतील, आणि एकाच्याही पायात डोंगराचे बूट नाहीत.

दुपारी त्यांचा दिग्दर्शक घरी आला. झाझा नाव. चाळिशीचा असेल, दाढी मुद्दाम तीन दिवसांची ठेवलेली. म्हणाला, "मावशी, तुमचं घर हवंय."

"आधी पाय पूस."

पुसले. मग बसवला, चीज भरलेली गरम खाचापुरी दिली, दुसरी दिली. तिसरीला नको म्हणाला तेव्हा मला वाटलं होतं त्यापेक्षा बरा निघाला.

सत्तेवरून खाली खेचलेला अध्यक्ष डोंगरातून पळतो, त्याची ही गोष्ट. पळताना तो ज्या घरात तीन रात्री राहिला ते घर हेच, टेबल हेच, चूल हीच. चोवीस वर्षं झाली त्याला. चौथ्या दिवशी पहाटे सैनिक पुलाकडून बर्फ तुडवत वर आले आणि खिंडीच्या वाटेवर त्याला धरलं. पुढे तुरुंगातच वारला तो.

तेव्हापासून गावानं मनात धरलंय की माझ्या नवऱ्यानं, बेसोनं, पाहुणा विकला. तोंडावर कुणी म्हणालं नाही. म्हणायची गरजही नव्हती. या खोऱ्यात बेसोसारखा तमादा नव्हता. लग्न असो, बारसं असो, टेबलाच्या टोकाला बसून पेला उचलून बोलायचा मान त्याचाच असायचा. त्या हिवाळ्यानंतर पंधरा वर्षं, मरेपर्यंत, कुणी त्याला टोकाला बसवलं नाही. मधे कुठेतरी बसायचा, जावयासारखा, आणि दुसऱ्यांची लांबण ऐकून घ्यायचा.

आता सगळं पडद्यावर येणार. चाळीस वर्षं शाळा चालवली, साहेब आले नि गेले, कधी कुणापुढे नमले नाही. उद्या त्यांची संहिता मागून बघते.

५ नोव्हेंबर

सिनेमाची संहिता मागून घेतली. आज वाचायला बसते आहे, लाल पेन्सिल जवळ ठेवली आहे. पहिल्या पानावरच तीन चुका.

७ नोव्हेंबर

दोन दिवस लिहिण्याच्या अवस्थेत नव्हते. आता आहे.

पान ६४. ‘यजमान दाराआड उभा राहून सैनिकाच्या कानात काहीतरी सांगतो.’ यजमान म्हणजे माझा बेसो. ‘त्याच्या डोळ्यांत भीती आणि लोभ.’ लोभ. ज्या माणसानं आयुष्यभर एकच कोट घातला त्याच्या डोळ्यांत.

ते पान फाडलं नाही. शाळेत कागद फाडणाऱ्याला मी छडी मारायची. घडी घालून घेतलं आणि सगळी सिनेमावाली मंडळी उतरली आहेत त्या शाळेत गेले. माझ्याच जुन्या खोलीत झाझा दाढीला साबण लावून बसला होता.

"घर माझं, टेबल माझं, आणि चोर माझा नवरा?"

"मावशी, हा सिनेमा आहे."

"मग आजी तुझी दाखव. ती काय करते सैनिकांच्या कानात?"

बाहेर कुणीतरी हसलं. झाझानं तोंड धुतलं आणि मला खुर्ची दिली. म्हणाला, "तो पकडला गेला हे तर खरं. कुणीतरी सांगितलंच असेल. तुमच्या गावात ज्याला विचारावं तो बेसोकाका म्हणतो. म्हणतात, त्यानं देवापुढे शपथही पुरी घेतली नाही."

ते खरं आहे, आणि ते मला आजही जाळतं. सैनिक पाहुण्याला घेऊन गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी पाच वडीलधाऱ्यांनी बेसोला देवळात बोलावलं, संत गिओर्गीच्या तसबिरीपुढे. आमच्यात घरचा पुरुष सगळ्या घराची शपथ घेतो. माझ्या तोंडून गेलं नाही, माझ्या घरातून गेलं नाही. एवढंच असतं. खोटी घेतली तर सात पिढ्या सुकतात, म्हणून खोटी कुणी घेत नाही. बेसो पहिलं अर्धं म्हणाला आणि थांबला. अन्तिमोझनं विचारलं, "आणि घरातून?" बेसोनं टोपी घातली आणि घरी आला.

मला शेजारच्या नझीकडून कळलं. घरी आल्यावर विचारलं, का नाही म्हणालास? म्हणतो, "विसरलो."

विसरलो. दोनशे माणसांच्या टेबलावर एक नाव न चुकवता पेले उचलणारा माणूस चार शब्द विसरतो. मी पंधरा दिवस त्याच्याशी बोलले नाही. त्यानं समजूतही काढली नाही. लाकडं फोडत बसला.

मी झाझाला सांगितलं, "ते पान जातं आणि बेसो पडद्यावर शपथ पुरी घेतो. नाहीतर मी घराला कुलूप लावते आणि किल्ली नदीत."

"मग सांगणारा कोण होता ते तुम्ही शोधून द्या. दहा तारखेपर्यंत." आणि दाढी करायला लागला. उद्धट आहे, पण मुदत देणारा माणूस मला आवडतो.

१० नोव्हेंबर

चार दिवस गावभर फिरते आहे. वय वीसनं कमी झाल्यासारखं वाटतंय. गुडघासुद्धा गप्प आहे.

त्या हिवाळ्यात गाव निम्मं रिकामं होतं. पीठ संपलं तशी माणसं खाली नातेवाइकांकडे गेली होती. उरलेल्यांपैकी आज जिवंत सहा. सहाही जणांना विचारलं. शेवटी नझी, माझी शेजारीण. तिचं तोंड कधी बंद नसतं, म्हणून तिच्यावर माझा पहिल्यापासून संशय.

"तुला केव्हा कळलं गं, आमच्याकडे कुणी आहे ते?"

"पहिल्याच दिवशी. तू माझं मोठं पातेलं नेलंस."

"पातेल्यावरून?"

"अगं, लग्नाचं पातेलं ते. तुम्ही दोघं नवराबायको, त्यात नाताळाआधीचे उपास चाललेले. मी आमच्या ह्यांना म्हटलं, त्सिआलाकडे एकतर मयत झालंय नाहीतर राजा आलाय. मयत असतं तर रडणं ऐकू आलं असतं."

"आणि हे तू खाली जाऊन बोललीस."

"खाली जाऊन? कमरेएवढं बर्फ होतं, बाई. सैनिक पुलापलीकडे. माझ्या जिभेला पाय आहेत असं तुला वाटतं खरं, पण एवढे लांब नाहीत."

सहाही जण तेच म्हणाले. त्या तीन दिवसांत गावातून पुलापर्यंत कुणीच गेलं नव्हतं. वाटेवर पाऊल नव्हतं, अन्तिमोझनं तेव्हाच जाऊन पाहिलं होतं. फोनची तार महिनाभर तुटलेली. मग सांगितलं कुणी, कावळ्यानं?

मुदत आज संपली. हातात काही नाही. पण मी हरलेले नाही. चोर सापडला नाही तरी साव दाखवता येतोच. उद्या मी झाझाला बसवून ते तीन दिवस सांगणार आहे, एकेका घासासकट. असं करणारं घर पाहुणा विकतं का, ते त्यानं ठरवावं.

११ नोव्हेंबर

झाझा वही घेऊन आला. मी सांगत गेले, तो लिहीत गेला.

अध्यक्ष आला तेव्हा त्याच्या पायात दोन वेगळे बूट होते. सोबत दोन माणसं. बेसो म्हणाला, "त्सिआला, बटाटे उकड, गुपचूप खाऊ दे त्यांना, झोपू दे." मी म्हटलं, देशाचा माणूस माझ्या दारात आलाय आणि मी बटाटे उकडू? दोन वर्षांची कालवड होती, ती कापायला लावली. उपास होते, पण पाहुण्यापुढे उपास सुटतो. मला वाढवलं त्या मदर फेब्रोनियांनी हेच शिकवलं. मठ बंद पडल्यावर त्या नि आणखी एक नन आमच्या गावात लपून राहिल्या होत्या आणि आम्हा चार मुलींना शिकवायच्या. अक्षर, हिशेब, टेबल कसं मांडायचं, खोटं का बोलायचं नाही.

तीन दिवस भट्टी पेटती होती. पातेलं अंगणात, पाव भट्टीत, चूल आत. लोकांकडे दुपारी पेटवायला कारण नव्हतं, शिजवायचंच काही नव्हतं. मी झाझाला अभिमानानं सांगितलं, "त्या तीन दिवसांत आख्ख्या डोंगरावर भर दुपारी धूर निघत होता तो एका माझ्याच घरातून. लग्नघरासारखा. उपासाच्या महिन्यात."

झाझाचं पेन थांबलं.

"लिही की."

"लिहिलं," म्हणाला. पण लिहिलं नव्हतं, मला दिसत होतं. चाळीस वर्षं वह्या तपासल्यात मी.

मग विचारलं, "बेसोकाका हे कधी बोलले का नंतर? त्या जेवणांबद्दल?"

"कधीच नाही. पुढे कुणी पाहुणा आला की मात्र स्वतः स्वैपाकाला बसायचा, मला म्हणायचा, तू दमतेस. पुरुषांना म्हातारपणी सुचतं."

झाझा उठला. निघताना वाकून माझ्या हाताचा मुका घेतला. राजधानीतले लोक नाटकी असतात.

१६ नोव्हेंबर

जिंकले. हे दोनदा लिहिते. जिंकले.

झाझा तीन दिवस खालच्या शहरात जाऊन आला. त्या वेळी पुलावर पहारा देणारा कुणी माणूस अजून जिवंत आहे, त्याला भेटायला. आल्यावर गाडीतून उतरून सरळ माझ्याकडे.

"पान ६४ काढून टाकलं, मावशी. माझ्या सिनेमात कुणी काही सांगत नाही. बेसोकाका निर्दोष."

"आणि शपथ?"

"तुम्ही म्हणता तशी. पुरी."

मी त्याला आत ओढून घरच्या द्राक्षाच्या दारूचे, चाचाचे, तीन पेले पाजले. घशाला आग लागली तरी हसत होता बिचारा. मग विचारलं, "मग त्या सैनिकाला विचारलंस ना, कळलं कसं त्यांना?"

"विचारलं."

"काय म्हणाला?"

"ते मी सिनेमात घेत नाहीये."

"का?"

"गरज नाही."

"गरज नाही काय? गणित अर्धं सोडून उत्तर लिहिणारा विद्यार्थी मी वर्गाबाहेर उभा करायची."

"मग मी बाहेर उभा राहतो," म्हणाला, आणि खरंच अंगणात जाऊन उभा राहिला, सिगरेट ओढत. त्याचं डोकं कशात तरी गुंतलंय. मला काय त्याचं. नझीच्या दारावरून मुद्दाम दोनदा गेले. दुसऱ्या वेळी ती म्हणाली, "एवढं मिरवू नकोस, घसरशील."

२१ नोव्हेंबर

सामानवाल्या पोरीनं जेवणाच्या प्रसंगासाठी टेबल मांडलं. उकडलेले बटाटे आणि मिठाची वाटी. मी तिला आणि तिच्या बटाट्यांना अंगणात काढलं. झाझा म्हणाला, "मावशी, पळपुट्याचं जेवण आहे, साधं दिसायला हवं."

"जे झालं ते दिसायला हवं. आणि अठ्ठावीसला उपास लागतात, मांसाचा प्रसंग त्याआधी उरका."

त्यानं हातातली वही मिटली. "तुम्हांला नक्की तसंच हवंय? भट्टी, पातेलं, सगळं?"

"नक्की."

माझं काम करणारी नटी परात अशी धरते जणू तिच्यात साप आहे. शेवटी ठरलं, चेहरा तिचा, आणि परात घेऊन येताना पाठमोरी मी. सिनेमात माझी पाठ असणार. नझीला सांगितलं. ती म्हणाली, "पडदा पुरेल का?"

नझीनं पातेलं मात्र न मागता आणून दिलं. तेच.

२४ नोव्हेंबर

सकाळपासून भट्टी, पातेलं, चूल, सगळं पेटवलं होतं. अध्यक्षाचं काम रेवाझ करतो, मोठा नट आहे. पाच वेळा तोच घास खाल्ला आणि सहाव्यांदा मला हळूच म्हणाला, "मावशी, एवढं खाऊन मी कुठे पळणार?" मला हसू आवरेना, माझी पाठ हलली, परत घ्यावं लागलं.

मग त्यानं विचारलं, "तो खरंच जेवला होता असा?"

नव्हता जेवला. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण मला राग होता. तीन दिवस मी वाढत होते आणि तो काट्यानं मांस इकडचं तिकडे करत होता. तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, "बाई, विस्तव थोडा कमी करता येईल का?" कडाक्याच्या थंडीत. मला वाटलं, राजधानीचा माणूस, धूर सोसत नाही. मी म्हटलं, माझ्या घरात पाहुण्यानं थंड जेवण अजून खाल्लं नाही. आणि आणखी दोन ओंडके घातले.

रेवाझनं काटा ताटात ठेवला. बेसोचं काम करणारा गोचा शेजारी बसला होता, त्यानं विचारलं, "आणि बेसोकाकांनी काय केलं तेव्हा?"

"उठून बाहेर गेला. किती वेळ वर बघत उभा होता. आत आला तो डोक्यावर बर्फ घेऊन. मी ओरडले, दार लाव, ऊब जाते."

झाझा म्हणाला, असंच घेऊ. रेवाझ ते वाक्य बोलला. मी ओंडके घातले. गोचा उठून बाहेर गेला. झाझानं चित्रीकरण थांबवलं तरी गोचा आत येईना, म्हणून मी बघायला गेले. तो अंगणात वर बघत उभा होता. मीही पाहिलं.

वारा नव्हता. धुराड्यातून, भट्टीतून, पातेल्याखालून, तिन्हीकडून धूर सरळ वर जात होता, आणि वर जाऊन एक होत होता. दाराशी उभ्या असलेल्या पोराच्या हातातला वायरलेस खरखरला. खाली पुलावर गाड्या अडवायला बसवलेला ड्रायव्हर बोलत होता: "काय रे, वर लग्न लागलंय का? इथून दिसतंय सगळं. आम्हांलाही बोलवा की."

झाझा माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं खाली पाहिलं.

परात आत तशीच राहिली. आज एवढंच.

२६ नोव्हेंबर

काल लिहिलं नाही. मदर फेब्रोनिया म्हणायच्या, खरं लिहायचं नसेल तर पेन्सिल उचलू नकोस. काल बसले होते, उचलता आली नाही.

‘विसरलो’ म्हणाला होता. पंधरा वर्षं माझ्यासमोर बसून जेवला, जावयासारखा मधे बसून दुसऱ्यांचे पेले ऐकले, आणि मला एका शब्दानं बोलला नाही. मला त्याचा एवढा राग आलाय की आज जिवंत असता तर पुन्हा पंधरा दिवस बोलले नसते.

आज शपथेचा प्रसंग होता, देवळात. खरी तसबीर अन्तिमोझनं दिली नाही. नाटकासाठी तिच्यापुढे कुणी शपथ घ्यायची नाही म्हणाला. म्हणून सिनेमावाल्यांनी रंगवलेली दुसरी लावली, रंगाचा वास येत होता. पाच वडीलधाऱ्यांपैकी एकटा अन्तिमोझ उरलाय, त्यालाच त्याच्या जागी उभा केला. ऐंशी वर्षांचा, काठी टेकून. सगळं गाव गर्दी म्हणून भरलेलं. मी बायकांच्या बाजूला, नझीला लागून.

सकाळीच झाझानं मला गाठलं होतं. "मावशी, शपथ आहे तशीच ठेवू? तुम्ही मागितली तशी, पुरी? मी कुणाला काही सांगणार नाही."

मी डोक्याचा रुमाल बांधला आणि पुढे निघाले. मला खरंच ठरवता येत नव्हतं. पुरी शपथ झाली की बेसो सुटत होता आणि मीही सुटत होते, दोघं मिळून, देशभर. दहा दिवसांपूर्वी मी यासाठी चाचा पाजत होते.

सुरू झालं. गोचानं टोपी काढली. चांगला करतो तो, बेसोसारखीच मान थोडी डावीकडे. म्हणाला, "माझ्या तोंडून गेलं नाही."

अन्तिमोझनं विचारलं, "आणि घरातून?" त्याचा आवाज नाटकाचा नव्हता.

गोचानं श्वास घेतला. "माझ्या घरातून..."

"थांब," मी म्हटलं.

नझीनं माझी बाही धरली. मी सोडवून पुढे गेले. कॅमेरा चालू होता का मला माहीत नाही, आणि मला फिकीरही नव्हती.

"तो एवढंच म्हणाला होता. पुढचं तो म्हणू शकत नव्हता, कारण ते खोटं झालं असतं. घरातून गेलं. माझ्या चुलीतून गेलं. उपासाच्या महिन्यात मी कालवड कापायला लावली आणि तीन दिवस धूर सोडला, पुलापर्यंत दिसेल असा. पाहुण्यानं विस्तव कमी कर म्हटलं तर मी लाकूड घातलं. बेसोला कळलं होतं. मला नव्हतं कळलं. परवा कळलं."

मी शाळेत उभी राहायची तशी उभी होते, पाठ ताठ. नझी हळूच म्हणाली, "बाई गं, आणि पातेलं माझं."

झाझा पुढे आला. त्यानं अन्तिमोझला विचारलं, "आजोबा, परत घ्यायचं का?"

अन्तिमोझनं टोपी काढून काखेत धरली होती. "परत कशाला?" म्हणाला. "ऐकलं की आम्ही."

मग काठी टेकत माझ्यापर्यंत आला. माझ्याकडे पाहायला त्याला वेळ लागला. "त्सिआला, उद्या दुपारी माझ्याकडे ये. सगळे येतील. उपास लागायच्या आत. टेबलाचं टोक बेसोसाठी रिकामं ठेवतो आणि पहिला पेला मी त्याच्या नावाचा उचलतो."

"येईन," मी म्हटलं. "पण थोडक्यात बोल. तुझं लांबतं, आणि त्याला ते कधी आवडलं नाही."